पं. विष्णु दिगंबर आणि शाळेचा जलसा

आपल्या शाळेतल्या नववी-दहावीच्या मुलामुलींनी मुख्याध्यापकांकडे एक अर्ज दिला, ही बातमी आतापर्यंत बहुतेक पालकांना कळलीच असेल. शाळेच्या सभागृहात गाण्याचा कार्यक्रम करायचा, त्याला माफक तिकीट लावायचे आणि जमेल ती रक्कम गरजू विद्यार्थी निधीत भरायची, असा तो अर्ज. परवानगी मिळाली. मधल्या सुट्टीत पेटी-तबल्याचे आवाज येऊ लागले. तिकिटे कोणी छापायची, खुर्च्या कोणी मांडायच्या, हिशोब कोणी ठेवायचा, याच्या याद्या फळ्यावर लागल्या. पालक सभेत मात्र दोन-तीन पालकांनी शंका काढली की शाळेच्या मुलांनी तिकिटे घेऊन दारोदार जावे हे बरे दिसते का? आणि गाणे म्हणजे सरस्वतीची विद्या, तिला दर लावायचा कसा?

शंका प्रामाणिक आहे, म्हणून तिला आम्ही घाईने उत्तर देत नाही. त्याऐवजी ज्यांच्यापुढे हाच प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वी उभा राहिला होता, त्या पं. विष्णु दिगंबर पलुसकरांची हकीकत या अंकात सांगतो. त्यांचे पाय आपल्या वडोदऱ्यालाही लागले होते. आपली जी मुले दरवर्षी प्रारंभिक, प्रवेशिका अशा गायनाच्या परीक्षांना बसतात, त्या परीक्षांचा उगमही त्यांच्याच शाळेत आहे. मुलांना प्रमाणपत्र मिळते, त्यावर गांधर्व महाविद्यालय हे शब्द असतात. पण हे विद्यालय कोणी, कुठे आणि कशाच्या जोरावर काढले हे विचारले, तर चांगली गाणारी मुलेसुद्धा गप्प होतात.

विष्णुपंतांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाडला झाला. कुरुंदवाड हे पटवर्धनांचे छोटे संस्थान, नृसिंहवाडीला लागून. घराण्याचे मूळ आडनाव गाडगीळ, पण पलुस गावावरून पलुसकर म्हणू लागले. वडील दिगंबरपंत कीर्तनकार. त्यामुळे टाळ-मृदंग, अभंग आणि पदे घरातच होती. मुलगा शाळेत जात होता, हुशारही होता. सगळे ठीक चालले असते तर तो कुठल्याशा कचेरीत कारकून झाला असता किंवा वडिलांमागे कीर्तनाला उभा राहिला असता.

एका दत्तजयंतीला फटाके उडवताना दारू तोंडावर उडाली आणि डोळे भाजले. जीव वाचला, पण दृष्टी बरीचशी गेली. उपचारासाठी त्यांना मिरजेला नेले. वाचन-लेखनावर पोट भरण्याची आशा संपली होती. आवाज चांगला आहे, याला गाणे शिकवा, असा सल्ला मिरजेच्या डॉक्टरांनी दिला. मिरजेच्या राजेसाहेबांनी आश्रय दिला आणि मुलगा पं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकू लागला. दिवाळीत फटाके उडवणाऱ्या आमच्या बालवाचकांनी हा प्रसंग जरा लक्षात ठेवावा.

बाळकृष्णबुवा म्हणजे ग्वाल्हेरची ख्याल गायकी महाराष्ट्रात आणणारे पुरुष. त्यांनी ती विद्या मिळवण्यासाठी किती हाल सोसले याच्या गोष्टी आजही सांगतात. शागिर्दाने गुरूच्या घरी पडेल ते काम करायचे, मर्जी लागेल तेव्हा शिकायचे आणि एखादी चीज मिळाली तर ती जपून ठेवायची, अशी ती जुनी रीत. विष्णुपंतांवर राजेसाहेबांची मर्जी असल्याने त्यांचे हाल त्या मानाने कमी झाले. वर्षानुवर्षे, दिवसाचे बारा-बारा तास त्यांनी मेहनत केली. विद्या पक्की झाली. पण एक काटा मनात रुतला.

चरित्रकार सांगतात ती हकीकत अशी. मिरजेत काही समारंभ होता. विष्णुपंतांना बोलावणे आले, त्यांच्या गुरुजींना आले नाही. कारण विचारले तेव्हा कळले की गुरुजी पडले गवई, आणि गवयाला प्रतिष्ठित मंडळींच्या पंगतीला बोलावण्याची चाल नव्हती. ज्या माणसाच्या गळ्यात एवढी विद्या, त्याला रात्री दिवाणखान्यात ऐकायचे आणि दिवसा ओळख द्यायची नाही, हे त्या तरुणाला सहन झाले नाही. गवयाचा मान वाढवायचा तर गाणे राजाच्या मर्जीतून सोडवले पाहिजे, हा विचार तिथून पुढे त्यांच्या डोक्यातून गेला नाही. १८९६ साली राजाश्रय सोडून, दोघा-तिघा सोबत्यांना घेऊन ते मिरजेबाहेर पडले. वय चोवीस, दृष्टी अधू, जवळ तानपुरा.

औंध, सातारा असे करीत मंडळी वडोदऱ्याला आली. तो काळ श्रीमंत सयाजीराव महाराजांचा. इथे १८८६ पासूनच उस्ताद मौलाबक्षांच्या हाताखाली सरकारी गायनशाळा चालू होती. सूरसागर तलावासमोर आज जे संगीत महाविद्यालय उभे आहे, ते तिचेच वाढलेले रूप. म्हणजे शाळेत वर्ग भरवून गाणे शिकवता येते, ते वहीत लिहून ठेवता येते, ही गोष्ट आपल्या गावाला नवीन नव्हती. पण त्या शाळेमागे महाराजांचा खजिना होता. विष्णुपंतांपाशी तसे काही नव्हते. त्यांनी इथे देवळात गायला सुरुवात केली. देवळातल्या गाण्याला लोक जमू लागले आणि ती वार्ता राजमाता जमनाबाईसाहेबांच्या कानी गेली. १८७५ साली सयाजीरावांना दत्तक घेणाऱ्या त्याच या जमनाबाई. त्यांनी वाड्यात गाणे करवले, सन्मान केला. तरुण गवयाने मनात आणले असते तर इथेच दरबारात जागा धरली असती आणि आपल्या गावाच्या इतिहासात एक चांगला दरबारी गवई जमा झाला असता. आम्हा वडोदेकरांना थोडी हळहळ वाटते खरी. पण तसे झाले असते तर हा लेख लिहायचे कारणच उरले नसते.

वडोदऱ्याहून ते काठेवाडात गेले आणि तिथे त्यांनी ते काम केले ज्यासाठी आम्ही ही सगळी हकीकत सांगायला बसलो. त्यांनी तिकीट लावून जाहीर जलसा केला. साल १८९७.

आज यात नवल वाटत नाही. त्या काळी नाटकाला तिकीट असे, सर्कशीला असे. पण रागदारी गाण्याची बैठक म्हणजे कोणीतरी श्रीमंताने बोलवायची, त्याच्या इष्टमित्रांनी ऐकायची आणि शेवटी मर्जीप्रमाणे बिदागी द्यायची. ऐकणारा कोण असावा हे श्रीमंत ठरवी. गवयाने काय गावे हेही बरेचदा तोच ठरवी. रस्त्यावरच्या माणसाला, शाळेतल्या मास्तरला, दुकानातल्या गुमास्त्याला मोठे गाणे ऐकण्याची सोय देवळाखेरीज कुठेच नव्हती. तिकीट लागले आणि हे उलटे झाले. काही आणे मोजणारा कोणीही आत येऊन बसू शकला. गवयाने कोणापुढे हात पसरला नाही, आणि ऐकणारा कोणाचा मिंधा राहिला नाही. विद्येला दर लागतो तो असा. आमच्या समजुतीप्रमाणे तो गाण्याचा दर नव्हताच, खुर्चीचा होता.

काही जुन्या मंडळींनी नाके मुरडली. हा गाण्याचा बाजार मांडतो आहे असे म्हणणारे होतेच. पण बिदागीसाठी तासन्‌तास ताटकळत बसणे यापेक्षा मानाचे कसे, याचे उत्तर त्यांच्यापाशी नव्हते.

गिरनारवर एका साधूची भेट झाली आणि त्याने उत्तरेकडे जायला सांगितले, अशी कथा आहे. काही असो, पुढची तीन-चार वर्षे उत्तरेत फिरण्यात गेली. ग्वाल्हेरला, म्हणजे आपल्या गुरूंच्या विद्येच्या माहेरी, ते जाऊन आले. मथुरेला राहून व्रजभाषा शिकले, कारण चिजा व्रजभाषेत असतात आणि अर्थ न कळता गाणे त्यांना पटेना. याच काळात त्यांचा स्वरलेखनाचा विचार पक्का होत गेला. नीट न दिसणाऱ्या माणसाने गाणे कागदावर उतरवण्याची रीत बसवावी, याचे आम्हाला फार वाटते. फिरत फिरत ते पंजाबात पोचले आणि ५ मे १९०१ रोजी लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय सुरू केले.

जागा भाड्याची, फर्निचर जुजबी. जाहिरात झाली, उद्घाटन झाले, आणि विद्यार्थी एकही येईना. चांगल्या घरच्या माणसाने मुलाला गाणे शिकायला धाडायचे नाही, हा समज पंजाबात महाराष्ट्रापेक्षाही घट्ट होता. सांगतात की विष्णुपंत रोज ठरल्या वेळी वर्गात जाऊन बसत, तानपुरा लावीत आणि रिकाम्या वर्गात एकटेच गात. न्यायमूर्ती चटर्जी एकदा डोकावले आणि विद्यार्थी कुठे आहेत म्हणून त्यांनी विचारले, तेव्हा पंडितजींनी तानपुऱ्यांकडे बोट दाखवून हेच सध्या माझे विद्यार्थी असे सांगितले. न्यायमूर्तींनी मग ओळखीच्या लोकांत शब्द टाकला आणि हळूहळू मुले येऊ लागली. रिकामा वर्ग वेळेवर भरवणारा मास्तर आम्ही तरी दुसरा ऐकलेला नाही. आपल्या शिक्षकवृंदाने याचा राग मानू नये.

या विद्यालयात दोन तऱ्हेचे विद्यार्थी होते. एक, फी भरून संध्याकाळी हौसेने शिकणारे. दुसरे, उपदेशक वर्गातले. हे बहुधा गरीब घरचे, आणि त्यांत दक्षिण महाराष्ट्रातून लांबचा प्रवास करून आलेले कितीतरी. त्यांना राहणे, जेवणखाण आणि शिक्षण मोफत. बदल्यात त्यांनी नऊ वर्षे विद्यालयात राहायचे, आणि तयार झाल्यावर स्वतः शिकवायचे. गायन, वादन, स्वरलेखन तर होतेच, पण त्याखेरीज वाद्ये दुरुस्त करायची, छापखान्यात मदत करायची, कार्यक्रमाची मांडामांड करायची, हेही शिक्षणाचाच भाग. विद्यालयाने स्वतःची पुस्तके छापली. संगीत बालप्रकाश हे त्यातले एक, आणि संगीतामृतप्रवाह नावाचे मासिकही काढले. मुलींनाही शिकण्याची मोकळीक होती, आणि त्या काळात ही लहान गोष्ट नव्हे.

पंचवीस-तीस मुलांना दोन वेळा जेवू घालायचे म्हणजे पैसा लागतो. काही संस्थानिकांनी आणि धनिकांनी मदत केली, ती नाकारण्याइतके पंडितजी हट्टी नव्हते. पण एकाच हातावर विद्यालय जगू नये, याची त्यांनी काळजी घेतली. फी, पुस्तकांची विक्री, लोकांच्या लहान-मोठ्या देणग्या आणि जलसे, यांवर ते चालले. राजाच्या हुकमाने नव्हे तर लोकांच्या वर्गणीवर चाललेली आपल्याकडची ही पहिली मोठी गायनशाळा. आणि जलसे म्हणजे काही एकट्या पंडितजींचे नव्हेत. सगळी शाळाच दौऱ्यावर निघे.

या जलशांची रीत सांगण्यासारखी आहे. जाहीर केलेल्या वेळेला कार्यक्रम सुरू होई, मग समोर दहा माणसे असोत की हजार. मुले एकसारख्या वेशात, रांगेने येऊन बसत. आधी सगळ्यांनी मिळून ईशस्तवन. मग लहान मुलांचे गाणे, वाद्यांचे मेळ, मोठ्या विद्यार्थ्यांचे राग आणि शेवटी पंडितजी. एक एक राग तासभर घोळवत बसण्यापेक्षा थोडक्यात, नीटनेटके गावे, नवख्या श्रोत्याला कंटाळा येऊ नये, असा त्यांचा कटाक्ष. गाताना हातवारे, तोंडे वेडीवाकडी करणे खपत नसे. विडी-तंबाखू, पान खाऊन पिचकाऱ्या, मधेच गप्पा, हे श्रोत्यांनाही चालत नसे. तिकीट घेतले म्हणून वाटेल तसे बसता येत नाही, हे त्यांनी लोकांना शिकवले.

त्यातून मुले काय शिकली? गायला तर शिकलीच. पण ज्या जेवणावर आपण वाढतो ते कोठून येते हेही त्यांना कळले. वर्गातल्या आठ वर्षांच्या पोरालाही ठाऊक होते की आजच्या जलशात आपण बेसूर झालो तर उद्या विद्यालयाची अडचण होणार. हे ओझे लहान खांद्यांवर जास्त होते का? आम्हाला कधी कधी तसे वाटते. शिस्त फार कडक होती, चुकीला क्षमा नव्हती, आणि नऊ वर्षांचा करार पुरा न करता पळून गेलेली मुलेही असणारच. पण जी टिकली त्यांनी पुढे काय केले ते पाहिले की हात जोडावेसे वाटतात.

मिरजेचे विनायकराव पटवर्धन लहानपणीच लाहोरला गेले, संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन. कोल्हापूरचे शंकरराव आणि नारायणराव व्यास हे बंधू. बा. र. देवधर. पं. नारायण मोरेश्वर खरे, ज्यांना पंडितजींनी गांधीजींच्या मागणीवरून साबरमती आश्रमात पाठवले. आश्रम भजनावलीचे काम त्यांनी केले आणि १९३० च्या दांडीयात्रेत ते चालले. रघुपती राघव राजाराम ही धून आज ज्या चालीवर म्हणतात, ती पंडितजींची मानतात.

आणि एक आपल्याकडचे नाव सांगितल्याशिवाय राहवत नाही. ओंकारनाथ ठाकुर. जन्म १८९७ चा, जहाज या गावचा. हे गाव तेव्हा बडोदे संस्थानात होते, आज आणंद जिल्ह्यात आहे. घरी अत्यंत गरिबी. पुढे भरूचला राहायला गेले. तिथल्या एका दानशूर पारशी शेठजींनी आवाज ऐकून या मुलाला मुंबईला विष्णु दिगंबरांच्या विद्यालयात पोचवले. विशीत असतानाच गुरूंनी त्यांना लाहोरच्या विद्यालयाचे मुख्य म्हणून पाठवले. गरजू विद्यार्थी निधी म्हणजे काय, हे समजावून द्यायला याहून वेगळे उदाहरण आम्ही शोधत नाही.

१९०८ साली पंडितजींनी मुंबईला विद्यालय उघडले आणि मुख्य कारभार तिकडे हलवला. इथून पुढची गोष्ट आमच्या विश्वस्त मंडळींनी विशेष लक्ष देऊन वाचावी. मुंबईत विद्यालय फार वाढले. भाड्याच्या जागा पुरेनात. सँडहर्स्ट रोडवर स्वतःची इमारत बांधायची ठरली. वर्ग, वसतिगृह, सभागृह, छापखाना, सारे एका छताखाली. लोकांनी देणग्या दिल्या, पण त्या पुरल्या नाहीत, तेव्हा कर्ज काढले. इमारत उभी राहिली, मोठी झाली, दिमाखदार झाली. कर्जही तसेच मोठे झाले. व्याज फेडायला जलशांचे दौरे वाढवावे लागले. मुले गायला शिकण्यासाठी दौरे करीत होती, ती आता हप्ता फेडण्यासाठी दौरे करू लागली. दोन्हींतला फरक बाहेरून दिसत नाही, पण तो असतो.

त्यातच पंडितजींचे मन पालटत चालले होते. घरात एकामागून एक मुले गेली. बारा अपत्यांपैकी एकच वाचले असे सांगतात. ते रामनामाकडे वळले. भगवी वस्त्रे घालू लागले, तुलसीरामायणावर प्रवचने करू लागले. नाशिकला पंचवटीत रामनाम आधार आश्रम काढला. काँग्रेसच्या अधिवेशनांत वंदे मातरम् गाण्याचा त्यांचा परिपाठ होता. १९२३ साली काकीनाड्याला अध्यक्षांनी गायनाला हरकत घेतली, तेव्हाही त्यांनी ते पुरे करूनच सोडले. नाव देशभर होते, पण मैफली कमी होत गेल्या आणि तिजोरी रिकामी झाली. अखेर १९२४ च्या सुमारास सावकारांनी तगादा लावून ती इमारत लिलावात काढली. जलशांच्या पैशांतून, मुलांच्या गळ्यांतून उभी राहिलेली वास्तू परक्याच्या हाती गेली.

यात पंडितजींची चूक नव्हती असे आम्ही म्हणणार नाही. हिशोबापेक्षा श्रद्धेवर त्यांचा भर जास्त होता, आणि मिळकतीचा अंदाज न घेता कर्ज वाढवत नेणे हे कोणत्याही संस्थेला महाग पडते. त्यांच्या कामावर आणखीही एक आक्षेप घेतला जातो, आणि तो टाळणे बरे नव्हे. गाणे घराघरांत नेण्यासाठी त्यांनी शृंगाराच्या चिजांचे शब्द बदलून तिथे भक्तीचे घातले, गायनाला देवघराची कळा दिली. त्यामुळे मध्यमवर्गीय घरांची दारे उघडली हे खरे. पण ज्या मुसलमान खाँसाहेबांनी आणि गाणाऱ्या बायांनी ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली, त्यांना या नव्या शाळांत पुरेशी जागा राहिली नाही, असे अभ्यासक म्हणतात. पंडितजींच्या स्वतःच्या गुरुपरंपरेतही ग्वाल्हेरचे हद्दू खाँ, हस्सू खाँ होतेच. आपल्या वडोदऱ्यात मौलाबक्षांची गायनशाळा आहे, फैयाज खाँसाहेबांचे वास्तव्य होते. आपल्या मुलांनी दोन्ही बाजू माहीत करून घ्याव्यात.

लिलावानंतर पंडितजी नाशिकलाच राहिले. जवळ थोडे शिष्य होते, त्यांना शिकवणे चालू होते. प्रकृती ढासळली. शेवटी त्यांना मिरजेला आणले आणि २१ ऑगस्ट १९३१ रोजी, जिथे डोळ्यांच्या उपचारासाठी आले असताना गाणे हाती लागले होते त्याच गावी, त्यांचे निधन झाले. नुकतीच एकोणसाठ वर्षे पुरी झाली होती. मागे ना इमारत, ना ठेव. मुलगा दत्तात्रेय अवघा दहा वर्षांचा.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात अहमदाबादला त्यांचे शिष्य जमले. कोणी मुंबईहून आले, कोणी पंजाबातून, कोणी गुजरातमधूनच. लहानपणी एका पंगतीत जेवलेली, एका रांगेत बसून जलशात गायलेली ही मुले आता ठिकठिकाणी स्वतःच्या शाळा चालवीत होती. गुरूंचे काम विस्कळीत होऊ द्यायचे नाही असे त्यांनी ठरवले आणि गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. अभ्यासक्रम एक, परीक्षा एक, शाळा मात्र ज्याच्या त्याच्या. पाच महिन्यांनी, मे १९३२ मध्ये विनायकरावांनी पुण्याला गांधर्व महाविद्यालय उघडले. आपल्या मुलांच्या प्रारंभिकपासून अलंकारपर्यंतच्या परीक्षा त्याच मंडळाच्या. हे मंडळ उभे राहिले त्याला कोणती इमारत कारण झाली नाही.

दत्तात्रेयाला, म्हणजे पुढच्या काळातल्या पं. द. वि. पलुसकरांना, गाणे शिकवले ते वडिलांच्या शिष्यांनीच. चुलतभाऊ चिंतामणराव, मग विनायकराव पटवर्धन आणि नारायणराव व्यास. गुरूंनी त्यांना मोफत शिकवले होते, त्यांनी गुरुपुत्राला तयार केले. १९३५ साली जालंधरच्या हरिवल्लभ संगीत संमेलनात चौदा वर्षांचा हा मुलगा पहिल्यांदा मोठ्या श्रोतृवर्गापुढे गायला. हा गोड गळा फार काळ लाभला नाही, १९५५ साली, चौतिसाव्या वर्षीच ते गेले. पण त्यांच्या ध्वनिमुद्रिका आहेत. गायनाच्या शिक्षकांना विनंती करून मुलांनी त्या तालमीच्या आधी एकदा तरी ऐकाव्यात.

पालकांच्या शंकेकडे परत येतो. मुलांच्या समितीशी बोलून आम्ही काही गोष्टी ठरवून घेतल्या आहेत. तिकिटे दारोदार विकायची नाहीत. शाळेच्या फाटकाजवळ टेबल मांडून, दोघे विद्यार्थी आणि एक शिक्षक बसतील, ज्यांना घ्यायचे ते येऊन घेतील. जमा आणि खर्च दोन्ही पुढच्या अंकात छापू, अगदी हारफुलांसकट. ज्या मुलांना या निधीतून मदत मिळते त्यांची नावे कुठेही येणार नाहीत, व्यासपीठावरून तर नाहीच. ज्यांना तिकीट परवडत नाही अशा पालकांसाठी मागच्या नव्हे, मधल्या दोन रांगा राखून ठेवा, ही सूचना मुलांचीच होती आणि ती मान्य झाली आहे.

कार्यक्रमाची वेळ तिकिटावर छापली आहे. त्या वेळेला पडदा उघडेल. उशिरा येणाऱ्यांनी पहिले गाणे संपेपर्यंत कृपया दाराबाहेर थांबावे.